पोटापाण्याचं काम आणि मनातलं छायाचित्रण

लग्नसराईत ऑर्डरींमागे धावणारा छायाचित्रकार असो की ऑफिस सांभाळून कॅमेरा हाती घेणारी नोकरदार बाई, दोघांनाही एकच गोष्ट टोचते: मनातला विषय मागे पडतोय. नोकरी सोडली की तो मार्गी लागेल, असं मग वाटू लागतं. मला हे पटत नाही. पदराला खार लावून वर्षानुवर्षं एखाद्या विषयावर काम करायचं, तर पोटापाण्याचा धंदाच त्याला तगवतो.

अमेरिकेतल्या बफलो शहरात मिल्टन रोगोव्हिन डोळे तपासून चष्मे देत. 1957 मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांना संसदीय समितीपुढे बोलावलं गेलं, वर्तमानपत्रांत बदनामी झाली आणि गिऱ्हाइकं तुटली. रिकामा झालेला वेळ त्यांनी कॅमेऱ्याला दिला. 1972 पासून ते लोअर वेस्ट साइड या गरीब वस्तीतल्या माणसांची चित्रं घेऊ लागले. वस्ती त्यांच्या दवाखान्याजवळच होती, त्यामुळे प्रवासखर्चाचा प्रश्नच नव्हता. कसं उभं राहायचं ते समोरच्यानं ठरवायचं; नंतर छापलेली प्रत ते नेऊन देत. या विश्वासावर 1980 आणि 1990 च्या दशकांत, आणि पुढे नव्वदी गाठल्यावरही, ते त्याच माणसांकडे पुन्हा जाऊ शकले. ही चित्रं शेजारी ठेवली की कालचं पोर आज बाप झालेलं दिसतं. सगळी कामं सोडून पाच वर्षं झपाटल्यासारखं राबलं, तरी हे हाती लागलं नसतं. मुंबईत वृत्तपत्रात काम करत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं दीर्घ कामही याच जातीचं.

यावर म्हटलं जाईल, मोठं काम झोकून दिल्याशिवाय होत नाही. अमेरिकी छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी तेच केलं. ‘लाइफ’ नियतकालिकाची नोकरी सोडून 1955 मध्ये ते पिट्सबर्ग शहराची चित्रं घ्यायला गेले. ठरले होते काही आठवडे आणि शंभरेक चित्रं. झाल्या हजारो निगेटिव्ह, गेली काही वर्षं, आणि पैशाची पार ओढाताण झाली. चित्रं अप्रतिम आहेत, यात वाद नाही. पण 1959 च्या एका वार्षिकात ती मोजक्या पानांवर छापली गेली, तेव्हा त्यांना स्वतःलाच ते अपयश वाटलं.

छंदाची किंमत घरचे मोजतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. धंदा बसल्यावर रोगोव्हिनांना आधार होता तो शिक्षिका असलेल्या पत्नी ॲन यांच्या पगाराचा. म्हणून महिन्याचे किती पैसे आणि कोणते तास या कामाला द्यायचे, हे घरच्यांबरोबर बसून आधीच ठरवावं. त्यात प्रिंट, दुसरी हार्ड डिस्क, नावं-तारखांची नोंद यांचाही वाटा धरावा. शिकागोत मुलं सांभाळणाऱ्या विव्हियन मायर यांनी एक लाखाहून अधिक चित्रं टिपली. कित्येक रोल धुतलेच गेले नाहीत आणि 2007 मध्ये भाडं थकल्यानं गोदामातला ठेवा लिलावात निघाला. म्हणून आधी चित्रं जपण्याचा हा वाटा बाजूला काढावा; नवी लेन्स त्यानंतर घेता येते.