हैदराबाद संस्थानाची वऱ्हाड सीमा, स्थलांतर आणि मानवी हक्क : हिंगोली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तरेकडील पैनगंगेच्या परिसरातील हद्द आज मराठवाडा व विदर्भ यांमधील प्रशासकीय सीमा आहे. मात्र १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात तिच्या एका बाजूस स्वतंत्र भारत, तर दुसऱ्या बाजूस विलीनीकरण नाकारणारे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. प्रस्तुत लेखात या सीमेवरील जनजीवन, स्थलांतर व त्यांच्या नोंदींचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

सीमेवरील जनजीवन :
सीमेच्या दोन्ही बाजूंची भाषा मराठीच होती आणि रोटीबेटीचे व्यवहारही अखंड चालत. राज्यव्यवस्था मात्र भिन्न होत्या. संस्थानात कारभाराची भाषा उर्दू आणि चलन हाली शिक्का, तर पलीकडे कलदार रुपया. मालावर जकात घेणारे करोडगिरी नाके ही सीमेची सर्वांत दृश्य खूण होती. त्यामुळेच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या लढ्यात हे नाके हल्ल्याचे लक्ष्य ठरले.

दुहेरी स्थलांतर :
रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबांनी घरदार सोडून भारतीय हद्दीत आश्रय घेतला. कळमनुरीलगतच्या उमरखेडसारख्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली व पाच दिवसांत संस्थान शरण आले. त्यानंतर संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम समाजावर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळातील व नंतरच्या बळींची संख्या किमान २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज वर्तविला. तिचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

नोंदींचा प्रश्न :
हैदराबादचा प्रश्न ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला आणि १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला गेला. परंतु सीमा ओलांडणाऱ्या सामान्य माणसाची नोंद सरकारी दप्तरात क्वचितच आढळते. लढ्याच्या इतिहासात नेते व सैनिक येतात. नदीपलीकडे दिवस काढलेल्या स्त्रिया, शेतमजूर आणि कारवाईनंतर परागंदा झालेली कुटुंबे येत नाहीत.

निष्कर्ष :
त्या काळाचे साक्षीदार आज ऐंशीच्या घरात वा त्यापलीकडे आहेत. त्यामुळे गावनिहाय मौखिक नोंदी तातडीने घेणे आवश्यक आहे. या नोंदींत रझाकारांचे बळी आणि सूडाचे बळी यांना समान स्थान मिळाले, तरच तो मानवी हक्कांचा दस्तऐवज ठरेल. अन्यथा ती केवळ एका पक्षाची कैफियत राहील.