चोवीस कामट्या आणि घमेलंभर शेण

मुरबाड तालुक्यात दिवाळीची तयारी भिंतीपासून सुरू होते. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या वैशाखरे, टोकावडे, धसई, देहरी या पट्ट्यात तो नुसता पडत नाही, झोडपतो. कुडाच्या भिंतीचा वरचा लेप धुऊन जातो, ओट्याच्या कडा झिजतात, भुईला ओल धरते. ऑक्टोबरचं ऊन तापलं की एकीकडे भात कापणीला येतो आणि दुसरीकडे घर हाक मारू लागतं. म्हणून इथे घराची डागडुजी आणि घराची सजावट ही दोन कामं कधी वेगळी झालीच नाहीत. जे घर टिकवतं, तेच घराला शोभा आणतं. स्वस्तात घर सजवण्याचं याहून चांगलं तंत्र मला माहीत नाही. ते नेमकं कसं चालतं, हे इथे क्रमाने सांगतो.

आधी भिंत. जुनं कुडाचं घर म्हणजे लाकडी खांबांच्या मधे उभ्या-आडव्या कारवीच्या काठ्या, सुंभाने किंवा वेलींनी बांधलेल्या, आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारं झुडूप. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळा डोंगर जांभळा करते, बी धरते आणि वाळून जाते. वाळलेली काठी सरळ, हलकी आणि चिवट असते. कुणबी, ठाकूर, कातकरी अशा सगळ्यांच्या घरांना या काठीने पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला. आता मात्र एक लक्षात ठेवायला हवं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं आणि त्याचा काही भाग ठाणे जिल्ह्यात येतो. अभयारण्याच्या हद्दीत मनाला येईल तशी तोड करता येत नाही. त्यामुळे जुना कूड जपून वापरणं हेच शहाणपण. काठी कोरडी राहिली तर ती पुष्कळ वर्षं टिकते, आणि तिला कोरडं ठेवतो तो वरचा लेप.

पावसाने उघड्या पडलेल्या जागा लिंपायला बारीक, चिकट माती लागते. वारुळाची माती यासाठी नावाजलेली, कारण वाळवीने ती कणाकणाने निवडून रचलेली असते. वारूळ रिकामं आहे याची खात्री मात्र आधी करावी. माती चाळून, त्यात बारीक कापलेला भाताचा पेंढा घालून, पाणी शिंपडत पायांनी तुडवायची आणि दोन-तीन दिवस मुरत ठेवायची. माती वाळताना आकसते आणि आकसताना फाटते. भेग पडायला लागली की आडवा आलेला पेंढ्याचा धागा तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो. शेणही तेच काम करतं, फक्त जास्त बारकाईने. जनावराला न पचलेले गवताचे केसाएवढे तंतू त्यात असतात आणि त्यांच्याबरोबर नैसर्गिक चिकटपणाही. म्हणून आतल्या जाड थराला पेंढा आणि वरच्या पातळ थराला शेण, अशी विभागणी असते. लिंपण्याआधी जुनी भिंत ओली करायला विसरू नये. कोरडी भिंत नव्या लेपातलं पाणी ओढून घेते आणि लेप पापुद्रे धरून सुटतो.

भिंत वाळली की सारवण. हे काम बघावं ते म्हाताऱ्या हातांचं. शेण ताजं, त्याच सकाळचं घ्यायचं. काडीकचरा निवडून काढायचा आणि पाणी घालून भज्यांच्या पिठाइतपत सैल करायचं. भुईवर आधी पाण्याचा शिडकावा. मग खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात आणि मागे सरकत दाराकडे, म्हणजे सारवलेल्यावर पाय पडत नाही. तळहात सपाट, बोटं जुळलेली, कोपर सैल. हात उजवीकडून डावीकडे अर्धगोल फिरतो आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर दोन बोटं चढतो. वाळल्यावर हेच अर्धगोल भुईवर उमटून राहतात, एकात एक गुंतलेले, एकसारख्या अंतराचे. घरातली माणसं नुसत्या त्या वळणांवरून सांगतात की ही पडवी आजीने सारवली आणि ती ओटी सुनेने. वेगळी नक्षी काढायची गरज नसते.

सारवल्यामुळे धूळ बसते, भुई सपाट राहते, झाडताना माती उडत नाही. हे फायदे खरे आहेत आणि पुरेसे आहेत. शेण औषधी असतं, जखमेला लावलं तरी चालतं, असं कोणी म्हटलं तर मात्र अजिबात ऐकू नये. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हाताला चीर असेल तर त्या दिवशी सारवण दुसऱ्याकडे द्यावं आणि धनुर्वाताची लस घरात सगळ्यांनी घेतलेली असावी.

यानंतर रंग. बाजारातून आणायच्या गोष्टी दोनच, गेरू आणि चुना. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल झालेली माती. तिचा रंग उन्हाने उडत नाही, कारण लोखंडाला गंज चढून जे व्हायचं ते त्यात आधीच झालेलं असतं. पण ती स्वतःहून चिकटून बसत नाही. रात्री डिंक भिजत घालावा, सकाळी ते पाणी गेरूत कालवावं, मग हाताला रंग लागत नाही. ओट्याच्या कडेला चार बोटं रुंद पट्टा, उंबरठा, तुळशीवृंदावनाचा पाया आणि चुलीची वैल एवढ्यावर गेरू फिरवला की घर उठून दिसतं. पूर्ण भिंत लाल करायची गरज नाही.

चुन्याचं काम थोडं जोखमीचं. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो. म्हणून लोखंडी घमेल्यात किंवा जुन्या डब्यात आधी पाणी घ्यावं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा, उलट कधीही करू नये. पोरांना लांब बसवावं, डोळे जपावेत, चुना डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहून दवाखाना गाठावा. विझलेला चुना रात्रभर तसाच ठेवून गाळला की त्यात भाताची पेज आणि चिमूटभर नीळ घालायची. पेजेमुळे तो भिंतीला धरतो आणि निळीमुळे पांढरा जास्त पांढरा दिसतो. लावताना चुना पाणचट, जवळजवळ पारदर्शक वाटतो आणि नवखा माणूस घाबरून जाड हात मारतो. तसं करू नये. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. पांढरेपणा दुसऱ्या दिवशी येतो. एक जाड हात पोपडे धरतो, दोन पातळ हात वर्षभर राहतात.

लाल पट्ट्यावर पांढरी बोटं उमटवणं हे पोरांचं काम. तांदळाच्या कण्या भिजवून वाटायच्या, थोडं डिंकाचं पाणी घालायचं, आणि बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की कुंचला तयार. डहाणू-तलासरीकडचे वारली चित्रकार याच साहित्याने भिंती रंगवत आले आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याआधी ही कला मुख्यत्वे बायकांच्या हातात होती. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत, आणि त्यात पालघट देवी असे. हल्ली हौसेने तो चौक कुठेही काढलेला दिसतो. माझं मत असं की तो लग्नाचा विधी आहे, तो त्याच्या जागी राहू द्यावा. आपल्या ओट्यावर पोरांनी ठिपके, वेल, भाताची लोंबी, घरची गाय काढावी. वाकडी आली तरी ती घरची असते.

आता कंदील. दिवाळीतली सगळ्यात आनंदाची संध्याकाळ कंदील बांधण्याची असते, कारण तो एकट्याला बांधताच येत नाही. एकाने धरायचं आणि दुसऱ्याने बांधायचं. बांबूच्या एक वीत लांबीच्या चोवीस कामट्या तासायच्या, सगळ्या अगदी सारख्या. लांबीत फरक पडला की कंदील कलतो, म्हणून पहिली कामटी माप म्हणून बाजूला ठेवावी आणि बाकीच्या तिच्याशी ताडून कापाव्यात. सोळा कामट्यांचे चार चौकोन बांधायचे. प्रत्येक चौकोन कोपऱ्यावर उभा करायचा, एक कोपरा वर, एक खाली. शेजारशेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधत वर्तुळ पूर्ण करायचं. आता वर चार टोकं मोकळी राहतात आणि खाली चार. वरची टोकं चार कामट्यांनी जोडायची, खालचीही चारांनी. कामट्या संपल्या आणि सांगाडा झाला: सहा चौकोन, आठ त्रिकोण, बारा जोड, प्रत्येक जोडावर चार कामट्या.

हा सांगाडा हातात घेतला की पिळतो, एका अंगाला बसतो. पुष्कळजण इथे वैतागतात आणि जोडांवर दोरा गुंडाळत सुटतात. दोष जोडांचा नसतो. तीन काठ्यांचा त्रिकोण आपला आकार सोडत नाही, पण चार काठ्यांचा चौकोन सहज तिरका होतो. म्हणून चौकोन आधी सरळ करायचे. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत, ते सारखे आले की चौकोन बरोबर. वीत नऊ इंचांची धरली तर कर्ण पावणेतेरा इंचांच्या आसपास येतो. वरच्या चौकोनात दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधावा. तोच पुढे कंदील टांगायला आणि दिव्याची वायर धरायला उपयोगी पडतो. बाजूच्या चार चौकोनांवर पतंगी कागद ताणून बसला की सांगाड्याचं पिळणं थांबतं. म्हणून चौकोन आधी चिकटवायचे, त्रिकोण नंतर.

चिकटवायला घरची खळ: दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवलेला. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, आणि पोरं बोटं चाटतात, म्हणून दिवाळीपुरत्या कंदिलात ते घालूच नये. कागद चौकोनाहून चारी बाजूंनी बोटभर मोठा कापावा आणि कामटीवरून आत दुमडावा. चौकोन एका रंगाचे, त्रिकोण दुसऱ्या, यापलीकडे रंगांची गर्दी करू नये. वरचा चौकोन उघडा ठेवावा म्हणजे उष्णता बाहेर जाते. खालच्या चौकोनाला झिरमिळ्या. आत छोटा एलईडी दिवा पुरतो आणि तो कागदाला तापवतही नाही.

बाकीचं घर सजतं ते शेतातून येताना हातात जे येईल त्याने. कापणीच्या वेळी बाजूला ठेवलेल्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या टाळ्याबरोबर गुंफल्या की दाराचं तोरण होतं. कुंपणावरची कारिटं नरकचतुर्दशीच्या पहाटेसाठी. अंगणातला किल्ला पोरांचा असतो, त्यात मोठ्यांनी नाक खुपसू नये.

सिमेंटच्या घरात हे कसं करायचं, असा प्रश्न येतो, कारण मुरबाडमध्येही आता स्लॅब आणि टाइल्स वाढल्या आहेत. टाइलवर सारवण टिकत नाही, तिथे त्याचा हट्ट नको. पण कंपाउंडच्या कोऱ्या सिमेंट भिंतीवर चुना उत्तम बसतो. तैलरंग दिलेल्या भिंतीवर मात्र बसत नाही. तुळशीच्या कुंडीला गेरू चालतो. फ्लॅटच्या दारासमोर लाकडी पाट गेरूने रंगवून त्यावर ठिपके काढता येतात, आणि सण झाला की पाट उचलून ठेवता येतो. कंदिलाला तर कुठलंच घर परकं नाही.

यंदा हे करून बघायचं असेल तर कामट्या नवरात्रातच तासून सावलीत वाळत घाला. ओला बांबू नंतर सुकताना आकसतो आणि बारा जोड एकदम सैल पडतात.