मुरुमाची खाण, विहिरीचे पाणी आणि वरची माती

रस्त्याचे काम निघाले की मुरूम हवा म्हणून कंत्राटदार बांधावर येतो. रोख पैसा मिळतो, म्हणून पुष्कळ शेतकरी माळाचा तुकडा खणायला देतात. द्यावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु देण्यापूर्वी आपल्या जमिनीखाली काय आहे ते समजून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

काळ्या दगडाच्या प्रदेशात वर माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली कठीण पाषाण असतो. मुरूम म्हणजे ऊन-पावसाने झिजून भुसभुशीत झालेला खडक. पावसाचे पाणी त्यातूनच झिरपते, त्यातच साठते आणि उथळ विहिरींचे झरेही तेथूनच येतात. खाण पाणपातळीच्या खाली गेली, तर शेजारच्या विहिरीचे पाणी खड्ड्याकडे ओढले जाते. पंप लावून खड्डा उपसला, तर विहीर आणखी खाली जाते. म्हणून पावसाळा संपताना विहिरीची पातळी मोजावी आणि खाण तिच्या वरच थांबवावी.

खडी धुण्यासही पाणी फार लागते. ते गढूळ पाणी शेतात शिरले, तर बारीक भुकटीने मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. एकापुढे एक दोन-तीन टाक्या बांधल्यास गाळ खाली बसतो व निवळलेले पाणी पुन्हा वापरता येते.

आता मातीचा हिशेब पाहू. एका गुंठ्यावरील एक फूट माती सुमारे ११ ब्रास भरते; एकराची सुमारे ४३५ ब्रास. एवढी माती विकत आणणे कोणाला परवडेल? म्हणून वरची माती आधी काढून बाजूला ठेवावी. ढीग पुरुषभर उंचीहून मोठा नसावा; फार उंच ढिगात आत हवा जात नाही व मातीतील जीव मरतात. ती वाहून जाऊ नये म्हणून ढिगावर ताग पेरावा.

खणणे संपल्यावर कडा उताराच्या कराव्यात. गाड्यांच्या चाकांनी दडपलेला तळ फोडावा, टाकाऊ दगड-मुरूम खाली भरून त्यावर माती पसरावी व उताराला आडवे बांध घालावेत. पहिली दोन वर्षे ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा, शेणखत घालावे. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावाव्यात. धान्याची घाई करू नये.

खड्डा पाण्यासाठी ठेवायचा असेल, तर एक गुंठा रुंद व दहा फूट खोल खड्ड्यात सुमारे तीन लाख लिटर पाणी मावते. मात्र त्याला कुंपण घालावे, नाहीतर मुले बुडण्याचा धोका असतो. साचलेल्या पाण्यात हिवतापाचे डास वाढतात, म्हणून गप्पी मासे सोडावेत.

पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दिला आहे. तेव्हा मंजुरीचे कागद मागून पाहावेत. खोली किती, माती कोठे ठेवणार, खड्डा कोण बुजवणार, हे सर्व करारात लिहून घ्यावे. तोंडी शब्द शेवटच्या गाडीबरोबर निघून जातो. खड्डा मात्र आपल्याकडेच राहतो.