महासाथीतील मदत : सातबाऱ्याला पोहोचली, बागेला नाही

जालना-मंठा मार्गावरील वाटूर हे परतूर तालुक्यातील गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या भागातील नित्याची पिके असली, तरी जिल्ह्याची ओळख आहे ती मोसंबीची. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मृग बहाराची फळे साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उतरवली जातात. २०२० मध्ये ऐन याच हंगामात, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. शेतमालाच्या वाहतुकीला मुभा होती. परंतु ज्यूस सेंटर, हॉटेले आणि आठवडी बाजार बंद पडल्याने मागणीच आटली.

दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या बँक खात्यांत एप्रिलमध्ये प्रत्येकी २ हजार रुपये जमा होतील, असे त्यात म्हटले होते. मात्र ही रक्कम नवी नव्हती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीतून वर्षाला ६ हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतातच. त्यांपैकी एक हप्ता वर्षाच्या प्रारंभीच देण्यात आला. पैसे वेळेवर हाती आले, हा लाभ खराच. पण वर्षाची बेरीज ६ हजारच राहिली.

या योजनेचा निकष जमिनीची मालकी हा आहे, नुकसान नव्हे. त्यामुळे एकरभर कोरडवाहू जमीन कसणारा आणि पाच एकर मोसंबी जोपासणारा, दोघांनाही समान रक्कम मिळाली. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटईदाराला तर काहीच मिळाले नाही. बागेत राबूनही सरकारदरबारी तो शेतकरी ठरत नाही.

फळपीक विमाही येथे उपयोगी पडण्यासारखा नव्हता. तो हवामानावर आधारित असतो. पाऊस, तापमान किंवा आर्द्रता ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास भरपाई मिळते. बाजार बंद पडणे ही जोखीम त्यात मोडत नाही. पीककर्जाची परतफेड आणि व्याजसवलत यांची मुदत वाढवण्यात आली, पण कर्ज कायम राहिले. ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजनेत जून २०२० पासून लिंबूवर्गीय फळांचाही समावेश करून वाहतूक व साठवणुकीवर ५० टक्के अनुदान देऊ करण्यात आले. तोवर मृग बहार संपला होता. शिवाय खर्च आधी करून दावा नंतर दाखल करावयाचा असल्याने लहान बागायतदारासाठी ही वाट अवघडच होती.

अमेरिकेने त्याच वर्षी वेगळा मार्ग अवलंबिला. तेथील योजनेत फळांचा भाव घसरला, माल पाठवूनही पैसे मिळाले नाहीत किंवा फळे शेतातच राहिली, अशा नुकसानीच्या प्रकारांनुसार भरपाईचे दर ठरविण्यात आले. अर्थात, त्यासाठी उत्पादन व विक्रीच्या नोंदी आवश्यक असतात. आपल्याकडे जमिनीची नोंद चोख असते. बागेतील माल कोणी, कोणत्या भावाने नेला, याची क्वचितच. खात्यावर थेट पैसे पोहोचविण्याची व्यवस्था २०२० मध्ये सिद्ध झाली. नुकसान कोणाचे आणि किती, हे मोजणारी व्यवस्था मात्र नव्हती. २०२३ मध्ये राज्याने आपल्या वाट्याचे वार्षिक ६ हजार रुपये जोडण्याचे जाहीर केले, तेव्हाही निकष जमिनीचाच राहिला.