थंडीचा कडाका आणि केळीची बाग

काश्मीर व लडाख या प्रांतांत हिवाळ्यात घरचे नळ फुटतात. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे अकरांत एक भाग फुगते, आणि लोखंडी नळीसही तो ताण सोसत नाही. म्हणून तिकडील लोक नळ्या जमिनीत खोल पुरतात, रात्री त्यांतील पाणी काढून टाकतात किंवा तोटी किंचित मोकळी ठेवून बारीक धार चालू ठेवतात. आपल्या खानदेशात नळ फुटण्याचा प्रसंग येत नाही. येथे थंडीचा घाला पडतो तो केळीवर. आणि वाहत्या पाण्याचा तोच उपाय येथेही कामास येतो.

आपला मुलूख उन्हाळ्याबद्दल प्रसिद्ध खरा, परंतु हिवाळाही काही सौम्य नाही. धुळ्यास पारा ५ अंशांखाली उतरल्याचे अलीकडे अनेक हिवाळ्यांत दिसले आहे. केळीस मात्र बर्फ पडण्याची वाट पाहावी लागत नाही. पारा १० ते १२ अंशांखाली गेला की तिची वाढ जवळजवळ थांबते. पोंगा लवकर उलगडत नाही, पाने पिवळी पडून करपतात, आणि ऐन थंडीत निसवण आल्यास घड खोडाच्या गळ्यातच अडकतो. फळाच्या सालीखालील चीक साकळून तपकिरी रेषा उमटतात; असा माल पिकवला तरी त्यास चांगला रंग येत नाही. व्यापारी तो पाहताच भाव पाडतो. रावेर, यावल, चोपडा भागातील ज्या घरांचा वर्षाचा संसार एका बागेवर चालतो, त्यांस याचा अर्थ सांगावयास नको.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी हिवाळ्यातही सुमारे २५ अंशांच्या आसपास उबदार असते. पहाटे विहिरीतून वाफ निघताना कोणी पाहिली नाही? कोरड्या मातीच्या मानाने तितक्याच वजनाचे पाणी सुमारे पाचपट उष्णता साठविते. ओली जमीन दिवसाची ऊब पोटात धरून ती रात्री हळूहळू बाहेर सोडते. म्हणून थंडीच्या दिवसांत पाणी दुपारी न देता रात्री किंवा पहाटे द्यावे, कारण पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास. मात्र पाणी ताजे उपसलेले हवे. शेततळ्यातील किंवा उघड्या हौदातील पाणी रात्रभर निवालेले असते; ते देऊन ऊब मिळेल ही आशा व्यर्थ होय. जमिनीवर उघड्या पडलेल्या नळ्यांतील पहिले पाणीही गारच येते, म्हणून मुख्य नळी पुरलेली बरी. आणि पाणी बेताचेच द्यावे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ते तुंबले तर मुळ्या गुदमरतात, व थंडीतून वाचलेले झाड पाण्याने जाते.

शेतीस वीज रात्रपाळीने येते म्हणून आपण बोटे मोडतो. या दोन महिन्यांत तीच पाळी उपयोगी पडते. तथापि सातपुड्याच्या पायथ्याशी बिबट्याचे भय असताना एकट्याने अंधारात बागेत जाऊ नये. दूरून पंप चालू करण्याचे यंत्र ज्यास परवडेल त्याने ते अवश्य बसवावे.

वाऱ्याच्या आडोशासाठी उत्तरेस शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ असावी. अशी ओळ आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत आसरा देते. पण उताराच्या खालच्या अंगास कुंपण फार दाट ठेवू नये. निवांत रात्री गार हवा पाण्याप्रमाणे सखल भागाकडे वाहते, आणि वाट न मिळाल्यास बागेतच साचते.

धुराविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. धुराच्या पडद्यावर अनेकांचा भरवसा असतो, पण खरे काम करते ती आगीची ऊब, आणि वारा असल्यास तीही शेजाऱ्याच्या शेतात जाते. करावयाचेच तर एका मोठ्या ढिगाऐवजी लहान लहान अनेक ढीग बागेभोवती पेटवावे, झाडांपासून दूर. घड मात्र कोरड्या पानांनी किंवा पिशवीने झाकावे. त्यास खर्च थोडा व गुण मोठा.

शहरातील वेधशाळेचा आकडा वाचून पाणी देण्याची रात्र ठरवू नये. बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, घडाच्या उंचीवर, एक साधा तापमापक टांगावा आणि झोपण्यापूर्वी तो पाहावा. त्या कोपऱ्यात पारा शहराहून दोन-तीन अंश खाली असणे मुळीच नवलाचे नाही.