चौपाटी : करमणुकीची जागा आणि लोकांचे अंगण

आपण तलावांच्या शहरात राहतो. म्हणून समुद्रकाठच्या एका जागेचा विचार आपणांस उपयोगी पडेल असे मला वाटते. मुंबईची गिरगाव चौपाटी म्हटली की भेळ, कुल्फी आणि मुलांचा कोलाहल आठवतो. तथापि तिचे महत्त्व एवढ्यात संपत नाही. गिरगावातील चाळींत एकेका खोलीत बिऱ्हाडे नांदत. त्यांना ही वाळू म्हणजे अंगणच होते. तेथे बसण्यास तिकीट लागत नसे. म्हणूनच प्रसंग येताच लोक तेथे सहज एकत्र येऊ शकले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूवर. १९३० साली मिठाचा कायदा येथेही मोडला गेला. अनंत चतुर्दशीस गणपतींचे विसर्जन आजही येथे होते. वारा खायला येणारा आणि सभेला येणारा माणूस एकच होता. किनाऱ्यावर येण्यास पैसे मोजावे लागले, तर ज्याला ते परवडत नाहीत तो बाहेरच राहील. साकेत नगरातून मोठ्या तलावाकाठी जाणाऱ्या आपण सर्वांनी तेथील मोकळ्या काठाकडे या दृष्टीने पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.