परक्याच्या भूमीचे दान

पंधराव्या शतकापासून युरोपातील राजसत्तांनी समुद्रापलीकडील देश आपसांत वाटून घेतले. त्यामागे व्यापाराचा लोभ व तोफांचे बळ होते, हे सर्वपरिचित आहे. परंतु बळाने भूमी मिळते, तिच्यावरील हक्क मिळत नाही. हा हक्क त्यांना धर्मसत्तेने पुरविला.

१४५२ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला मुसलमान व मूर्तिपूजक यांचे प्रदेश जिंकण्याची आणि त्या लोकांना कायमच्या दास्यात टाकण्याची अनुज्ञा दिली. १४९३ मध्ये पोप सहावे अलेक्झांडर यांनी अटलांटिक महासागरावर एक रेषा कल्पून तिच्या पश्चिमेकडील प्रदेश स्पेनला बहाल केले. अपवाद एकच: ख्रिस्ती राजाच्या ताब्यातील भूमी! या अपवादातच सारे मर्म आहे. अन्य धर्मीयांची भूमी धनी नसलेली मानली गेली. पुढच्या वर्षी, १४९४ मध्ये, तोर्देसिल्यासच्या तहाने दोन्ही राजांनी ती रेषा पश्चिमेकडे सरकवली. तेथील रहिवाशांना याची वार्ताही नव्हती.

पुढे १५१३ च्या सुमारास स्पेनने 'रेकेरिमिएन्तो' नावाचे निवेदन सिद्ध केले. देवाने जग निर्मिले, त्याची सत्ता सेंट पीटरला दिली, त्याच्या वारसाने ही भूमी आमच्या राजास दान केली. ते मान्य करा, अन्यथा युद्ध करू, बायकामुलांसह तुम्हांला गुलाम करू, आणि त्या हानीचा दोष तुमचाच राहील, असा त्याचा आशय. हे स्पॅनिश भाषेत, कधी निर्मनुष्य किनाऱ्यावरही वाचले जाई. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूलाच ते वाचून हसावे की रडावे, हे कळेना. अन्याय सोसणाऱ्यालाच दोषी ठरविणारी ही तर्कपद्धती मनुस्मृतीच्या छायेत पिढ्या काढलेल्या समाजाला अनोळखी वाटणार नाही.

पूर्वेकडील समुद्र पोर्तुगालच्या वाट्याला आले. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. १५६० मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने श्रीलंकेतील जाफन्यावर स्वारी केली. तेथे मिळालेला दात भगवान बुद्धांची दंतधातू समजून गोव्यात आणला गेला. ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने त्यासाठी विपुल द्रव्य देऊ केले. आर्चबिशपने ते नाकारून दाताचे चूर्ण केले व ते जाळले. (खरी दंतधातू सुरक्षित राहिली, अशी सिंहली बौद्धांची श्रद्धा आहे.) ज्याच्या भूमीवर त्याचा हक्क नाही, त्याच्या श्रद्धास्थानाला तरी कोण मानणार?

१५३९ मध्ये सालामांका विद्यापीठातील फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी पोप जगाचे ऐहिक स्वामी नाहीत, असे प्रतिपादन केले; मात्र प्रवास, व्यापार व धर्मप्रचार यांच्या नावाने युद्धाची वाट मोकळीच ठेवली. पोपला न मानणाऱ्या इंग्लंडनेही 'शोध लावला' या आधारावर भूमी घेतली. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरले: स्वामित्व शोध लावणाऱ्या राष्ट्राचे, मूळ रहिवाशांकडे केवळ वहिवाट.

३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने हा सिद्धान्त नाकारला. १८२३ चा निकाल मात्र रद्द झालेला नाही.